झुलाल अप्पांची ठरलेली कुस्ती

नवापूरच्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर कुस्त्या बघते, हे आता शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालंय. मातीतल्या नव्हेत, त्या अमेरिकन, चमकत्या चड्ड्यांच्या, एकमेकांच्या पाठीत खुर्च्या घालणाऱ्या. चाळिशीला टेकलेली बाई, कृषी कार्यालयातली क्लार्क, डब्यातली भेंडी खाता खाता "अगं बाई, मेला!" म्हणून ओरडते, याची लोकांना मजा वाटते. वाटू दे. कुणाच्या बापाचं काय जातं?

पण मागच्या हिवाळ्यात शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब माझ्या खांद्यावरून डोकावले आणि म्हणाले, "मॅडम, सगळं खोटं असतं हे. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईला एवढं कळू नये?"

"खोटं म्हणजे? तो दहा फुटांवरून पाठीवर पडला, ते खोटं? तुम्ही या टेबलावरून पडून दाखवा बरं, ठरवून!"

मी एवढ्या जोरात बोलले की आवक-जावकची बाई पेन थांबवून बघायला लागली. भाऊसाहेब हसत निघून गेले. मी मात्र हातातला घास तसाच धरून बसले. कारण 'सगळं ठरलेलं असतं' हे वाक्य पंचवीस वर्षांपूर्वी मीच बोलले होते, एका माणसाविषयी, नको त्याच्यासमोर. त्या वाक्यापायी एकाचा खांदा कायमचा गेला आणि दुसऱ्याने लंगोट सोडला. ते वाक्य माझं होतं हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. ज्याला सांगायला हवं होतं त्यालाही नाही. त्यांचं नाव झुलाल अप्पा.

तापीकाठच्या प्रकाशा गावात आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून अप्पांचं घर. माझे वडील शाळेत मास्तर, आणि अप्पा पपईच्या गाड्या भरायच्या कामाला. पन्नाशीचा माणूस, मान आणि डोकं एकाच मापाचं, दोन्ही कान कुस्तीत चेपून भज्यांसारखे गोळा झालेले. एवढ्या देहाला आवाज मात्र इतका बारीक की अंधारात ऐकणाऱ्याला वाटावं, कुणाची तरी सून बोलतेय. पपईच्या चिकाने तळहाताची साल कायम निघालेली. दारूचं म्हणाल तर हमालांच्या टोळीत राहूनही ओठाला लावली नाही. लग्नात कुणी पिऊन जवळ आलं तरी अप्पांना मळमळायचं, आणि ते पंगतीतून उठून गोठ्यात जाऊन बसायचे. यावरून गल्लीने त्यांची फार थट्टा केली.

पपई भरायचं काम बघितलंय कधी? झाडावरून उतरलेलं फळ रद्दीच्या कागदात गुंडाळायचं आणि गाडीत थरावर थर लावायचे. दिल्लीला पोचेस्तोवर एकालाही डाग पडता कामा नये. बाकीचे हमाल हातोहात भिरकावत. अप्पा एकेक पपई दोन्ही हातांत धरून खाली नेत, टेकली की क्षणभर तशीच धरत आणि मग हात काढत. "टाकानं नही पोरी, ठेवानं," ते मला म्हणायचे. मला वाटायचं पपईचंच सांगतायत. पण तो माणूस सगळंच असं ठेवायचा. पाण्याचा लोटा, सायकल, चपला. त्यांच्या बायकोला ते वेडाचं वाटायचं. ती म्हणायची, ह्यास्ना हातथून आजलग एक वाटीसुद्धा पडनी नही, मले घरमा माणूस शे का नही तेच समजत नही.

गल्लीत केबलचा टीव्ही पहिला आमच्याकडे आला. रविवारी दुपारी त्या अमेरिकन कुस्त्या लागायच्या आणि अप्पा हजर. आत येऊन खुर्चीवर बसायचे नाहीत, कपड्यांना चीक असतो म्हणून उंबऱ्यावर गोणपाट टाकून बसायचे. वडील पेपरात तोंड घालून असायचे, आईला तो सगळा राडा बघवायचा नाही. उरलो आम्ही दोघं. मी बारा-तेरा वर्षांची, त्या पहिलवानांची चित्रं असलेल्या खेळायच्या पत्त्यांचा अख्खा जोड बाळगून असलेली. कुणाची उंची किती, छाती किती, सगळं पाठ. अप्पांना ती इंग्रजी नावं जमायची नाहीत, म्हणून त्यांनी आपली ठेवली होती. लांब केसांचा, सारखा ओरडणारा होता तो 'कंडक्टर', कारण शहाद्याच्या गाडीवरचा कंडक्टर तसाच ओरडायचा. टकला होता तो 'ग्रामसेवक'. तोंडाला रंग फासून यायचा तो 'सोंग्या'. ग्रामसेवकाने सोंग्याला उचललं की मी टाळ्या पिटायचे.

"पाडनारले काय देखस?" अप्पा म्हणायचे. "पडनारले देख. काम तो करी ऱ्हायना."

मी बघायला लागले. खरंच की! ज्याला आपटलं तो हवेतच अंग वळवायचा, हनुवटी छातीला लावायचा, दोन्ही हात सपकन जमिनीवर मारायचा. आणि ज्याने आपटलं त्याचा एक हात पडणाऱ्याच्या डोक्याखाली असायचा. "देख, मुंडीखाले हात शे त्यान्हा," अप्पा समाधानाने म्हणायचे, स्वतःचं पोर सुखरूप घरी आल्यासारखे. एखाद्या वेळी तो हात दिसला नाही, तर ते अस्वस्थ होऊन उठायचे आणि कुस्ती संपायच्या आत घरी जायचे.

आमच्या गावच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल होते. पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या आधी, मग जोड लावलेल्या, आणि सगळ्यांत शेवटी अप्पांची. समोर दरवर्षी एकच गडी: योसेफ पहिलवान, नवापूरकडच्या डोंगरातला, काळाभोर, गळ्यात क्रॉसचा काळा दोरा. आखाड्यात उतरण्याआधी तो दोरा काढून अप्पांच्या बायकोकडे द्यायचा. अर्धा-पाऊण तास झोंबाझोंबी चालायची. अप्पा ढाक मारणार तोच योसेफ निसटायचा, योसेफ मान दाबणार तोच अप्पा पालथे व्हायचे. लोक शेले हवेत उडवायचे. एक साल अप्पा जिंकायचे, एक साल योसेफ. बक्षीस तांब्याचा हंडा. लोक म्हणायचे, अशी तुल्यबळ जोडी खान्देशात नाही.

मी मास्तरची पोर. टीव्हीवर जे दिसलं होतं ते मला आखाड्यातही दिसायला लागलं. एकदा पपईच्या बागेत, रद्दीच्या ढिगाऱ्यावर अप्पा मला पडायला शिकवत होते ("हनवटी छातीले! हात आपट! वाह!"), तेव्हा मी विचारून टाकलं.

"अप्पा, तुम्हनी न् योसेफ मामानी कुस्ती भी अशीच ऱ्हास का?"

अप्पांनी इकडेतिकडे बघितलं. मग कागदावर मांडी घालून बसले आणि त्या बारीक आवाजात सगळं सांगितलं. पहिल्या साली ते दोघं खरी खेळले होते. अप्पांचा गुडघा गेला, योसेफची बरगडी. एक हमाल, एक डोंगरातला शेतकरी. दोन महिने दोघांच्याही घरी खायचे हाल. दुसऱ्या साली गावाने पुन्हा त्यांचीच जोड लावली, कारण लोकांना तीच बघायची होती. हातात हात दिले तेव्हा योसेफने हळूच अंगठा दाबला. तिथून सुरू झालं.

"लोकस्ले पडनं देखानं ऱ्हास, मोडनं नही," अप्पा म्हणाले. मग त्यांनी माझा हात हातात घेतला. "एकदाव आंगठा दाबा म्हन्जे 'थांब'. दोनदाव दाबा म्हन्जे 'आते पड, मी धरेल शे'." आणि माझ्या तळहातावर दोनदा दाबून दाखवलं. मी कागदांवर सपशेल पडले. आम्ही दोघंही खूप हसलो.

"कोनले सांगशी नही ना?"

"तापीमायनी आन, अप्पा."

एवढ्या मोठ्या माणसाने मला एवढी मोठी गोष्ट सांगितली, म्हणून मी आठवडाभर छाती काढून हिंडले. मला ती गोष्ट कुणाला सांगायचीच नव्हती, देवाशपथ. पण माझी जीभ! आमची आई म्हणायची, हिच्या तोंडात तीळ भिजणार नाही.

पुढच्या यात्रेला सुरतेचे काका आले. वडिलांचे धाकटे भाऊ, साड्यांच्या मार्केटात कामाला, बोटात अंगठी, शर्टाची दोन बटणं उघडी. आदल्या दिवशी सकाळी मी ओसरीवर पत्ते मांडून बसले होते. काकांनी एक पत्ता उचलला आणि घरभर ऐकू जाईल असं हसले.

"येडी शे का तू? मास्तरनी पोर, न् येवढं भी समजत नही? अरे, बधुं नाटक, सगळं नाटक!"

सगळे हसले. काकूही. आईसुद्धा पदर तोंडाला लावून. माझं डोकं फिरलं. मला काही कळत नाही असं म्हणतात, मला! जे गावात कुणालाच माहीत नाही ते मला माहीत आहे. आणि मी म्हटलं, "मले म्हाईत शे. सगळं ठरेलच ऱ्हास. आपला झुलाल अप्पास्नी कुस्ती भी ठरेल ऱ्हास. दोनदाव आंगठा दाबतस न् मंग पडतस."

काकांच्या भुवया वर गेल्या. "असं का?" एवढंच म्हणाले आणि पत्ता खाली टाकला. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी जिंकले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही बायका-पोरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या राहून दंगल बघत होतो. शेवटची जोड पुकारली. योसेफ मामांनी दोरा काढून दिला. जोड लावणाऱ्याने दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले, तोच गर्दीतून काकांचा आवाज आला, "आंगठा दाब, झुलाल! दोनदाव दाब!"

पहिल्यांदा लोकांना कळलंच नाही. मग कुणीतरी हसलं. मग काकांनी आसपासच्यांना समजावलेलं दिसलं, हात करून, अंगठा दाखवून. बघता बघता सगळं रिंगण ओरडायला लागलं. "आंगठा! आंगठा!" अप्पांनी योसेफचा हात सोडला. त्यांनी चारी बाजूंना बघितलं. गर्दीत कुणाला शोधत होते कोण जाणे, मी ट्रॉलीत आईच्या मागे दडले.

पंच माईकवर आले. "खरी खेयी दखाडा. नही ते हंडा कोनलेच भेटाव नही."

अप्पांनी लोकांना हात जोडले. पंचांकडे वळून जोडले. तेवढ्यात कुणीतरी मातीचं ढेकूळ मारलं, ते योसेफच्या छातीला लागलं. योसेफ मामा त्यांच्या शांत आवाजात म्हणाले (पुढे बसलेल्यांनी हे नंतर सांगितलं), "चल झुलाल, खेळू. हे आता आपल्याला तसं घरी जाऊ देणार नाहीत."

ती कुस्ती पाच मिनिटंसुद्धा चालली नाही. दोन वयस्क माणसं एकमेकांना भिडली. काही डौल नाही, काही नाही, नुसते श्वास. योसेफच्या हाताखाली अप्पांची मान आली, अप्पांचा चेहरा निळा पडला, आणि मग काय झालं मला सांगता येत नाही, अप्पांनी त्यांना कमरेवर घेऊन टाकलं. ठेवलं नाही. टाकलं. योसेफ मामांना अशा पडण्याची सवयच राहिली नव्हती. खांदा खाली आला. हाडाचा आवाज ट्रॉलीपर्यंत आला.

लोकांनी काय करावं? जल्लोष! अप्पांना खांद्यावर घेतलं, गुलाल टाकला. इतक्या वर्षांत एवढा आरडाओरडा मी ऐकला नव्हता. आणि वर अप्पा खाली वाकून पोरांचे केस ओढत, त्या बारीक आवाजात ओरडत होते, "उतारा रे मले, उतारा! त्याले देखा पह्यले!" डफड्यांच्या आवाजात कुणाला ऐकू येतंय? मी ट्रॉलीतून उडी मारून घरी पळाले. पत्त्यांचा जोड चोळामोळा करून घाटावरून तापीत टाकला. त्याने काय होणार होतं?

अप्पांनी योसेफ मामांना पपईच्याच गाडीत घालून नंदुरबारला दवाखान्यात नेलं. हंडाही त्यांच्या घरी पोचवला. त्यानंतर अप्पा आखाड्यात उतरले नाहीत. जोड बघायलाही नाही. रविवारी आमच्या उंबऱ्यावर गोणपाट पडलं नाही. वडिलांनी एकदा हाक मारली, तर म्हणाले, मास्तर, डोळं दुखतस.

मला त्याचं, लाज वाटते सांगायला, बरंच वाटलं. समोर बसले असते तर मी त्यांच्याकडे बघितलं कसं असतं? ती गोष्ट त्यांनी जगात एकाच माणसाला सांगितली होती. त्यांना कळलं नसेल, असं होईलच कसं? तरी ते मला काही बोलले नाहीत. रस्त्यात भेटले की तेच: "बरी शे ना पोरी? शाळा चाली ऱ्हायनी ना?" त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर मी सुखाने मोठी झाले असते. रोज ठरवायचे, आज सांगू. मग परीक्षा आली, मग कॉलेज, मग नोकरी, मग लग्न. वडील गेल्यावर आमचं घर विकलं, आणि प्रकाशाला जायचं निमित्तच उरलं नाही. मी लोकांना सांगायचे, मला कुस्ती बिलकूल आवडत नाही.

निमित्त नव्हतं म्हणते, पण तेही खोटंच. नवापूरला बदली झाली त्याच वर्षी एक म्हातारा माझ्या टेबलापाशी भाताच्या बियाण्याचा अर्ज घेऊन आला. मी मान वर न करताच म्हटलं, बाबा, त्या वरच्या कप्प्यातला फॉर्म घ्या. त्याने उजवा हात उचलला, तो छातीपर्यंत येऊन थांबला. मग त्याने डाव्या हाताने फॉर्म काढला. गळ्यात क्रॉसचा काळा दोरा. योसेफ मामा!

"बाई, तुम्ही कुठल्या?" त्यांनी सहज विचारलं.

"नंदुरबारची," मी म्हटलं. प्रकाशाचं नाव तोंडातून निघेना.

"प्रकाशाला माझा एक दोस्त आहे," ते म्हणाले. "दरवर्षी लावणीला येतो. पंधरा दिवस राहतो. त्याला भात लावता येत नाही, सगळी रोपं वाकडी. पण येतो. येडा आहे." आणि ते इतकं मायेने हसले की मी त्यांचा अर्ज तिथल्या तिथे करून दिला, शिक्का मारला, दारापर्यंत पोचवायला गेले. एवढंच केलं. तोंडातून शब्द काढला नाही. पुढे चार-पाच वर्षांनी, कार्यालयातल्या एका यादीत त्यांच्या नावापुढे 'मयत' असं मीच लिहिलं.

मग दोन वर्षांपूर्वी हायवेवर माझी स्कूटी घसरली. कोंबड्यांच्या गाडीने कट मारला. पाऊल मोडलं, पण डोकं शाबूत. डॉक्टर म्हणाले, ताई, हेल्मेट नव्हतं, वाचलात कशा? मला आठवत होतं: हवेत असतानाच माझी हनुवटी आपोआप छातीला गेली होती आणि हात सपकन रस्त्यावर आपटला होता.

सहा आठवडे प्लास्टर. करायचं काय? मोबाइलवर बोट फिरवता फिरवता एक जुनी कुस्ती आली. कंडक्टर आणि ग्रामसेवक! दुपारी सासूबाई शेजारी वाती वळत बसायच्या आणि मी अधाशासारखी एकामागून एक बघत सुटले. आता सगळं दिसत होतं. पकडीत असताना कानाशी केलेली कुजबूज दिसत होती, डोक्याखालचा हात दिसत होता. आणि एका कुस्तीत, अगदी जवळून, एकाने दुसऱ्याचा हात धरला आणि दाबला. मी ढसाढसा रडले. सासूबाईंना वाटलं, पाय दुखतोय.

बघायचं सोडलं नाही. उलट वेडच लागलं. बघताना मजा येते, नि बघून झालं की अप्पा आठवतात. म्हणून तर भाऊसाहेबांवर मी तशी खेकसले. तो घास तसाच डब्यात ठेवला आणि ठरवलं, बस्स झालं. त्या रविवारी सकाळची गाडी पकडून नंदुरबारमार्गे प्रकाशा गाठलं.

तीच शेवटची भेट. पुढे आषाढात अप्पा वारले.

अप्पा ओट्यावर बसले होते. पंचाहत्तरी उलटलेली, अंग उतरलेलं, कान तेवढे तसेच. समोर रद्दीचा गठ्ठा. सून गाडीवाल्यांसाठी कागद कापून द्यायचं काम घेत होती आणि अप्पा ते मोजून घड्या घालत होते.

"कोन शे?" त्यांनी डोळे बारीक केले. "मास्तरनी वैशू! ये, बठ. पायले काय व्हयनं, लंगडी ऱ्हायनी?"

"गाडीवरथून पडनी, अप्पा."

"मुंडी?"

"हनवटी छातीले लायेल व्हती."

"मंग बरं," ते म्हणाले, आणि पुढची घडी घातली.

मी मोबाइल काढून त्यांना कुस्ती लावून दिली. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, डोळ्यांजवळ नेला. थोड्या वेळाने त्यांचं तोंड उघडं पडलं. "ग्रामसेवक! जिवत शे का अजून?" आणि हसले, बारीक आवाजात, पोट हलवत. मग पुटपुटले, "देख, हात शे मुंडीखाले. शे." कुस्ती संपल्यावर त्यांनी मोबाइल ओट्यावर ठेवला. आवाज आला नाही.

आता नाही तर कधीच नाही. मी येताना बसमध्ये चांगली वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली.

"अप्पा, त्या साले काकाले मी सांगं व्हतं. आंगठानं. मी तापीमायनी आन लियेल व्हती, तरी सांगं. मीच."

अप्पा घड्या घालत राहिले. एक, दोन, तीन. मला वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगायचं बळ माझ्यात नव्हतं.

"योसेफ मराना आगोदर मी गऊ व्हतू त्यानाकडे," ते म्हणाले. "त्यानी इचारं, झुलाल, आपलं कोन फोडं रे? इतला सालमा त्यानी कधी इचारं नव्हतं. मी त्याले सांगी टाकं."

मरणाऱ्या माणसाच्या कानावर माझं नाव गेलं होतं तर.

"मी सांगं, योसेफ, मीच फोडं. यात्राना आदलेदिन शहादाले गऊ व्हतू. दोस्तस्नी पाजी. निशामा तोंडमाथून निंघी गयं." अप्पांनी कागद सरळ केला. "तुन्हा काकाले मीच सांगेल व्हतं. तू ते धाकली व्हती. तुन्हं कोन ऐकी?"

दारूच्या वासाने पंगतीतून उठून गोठ्यात जाऊन बसणारा हा माणूस. म्हणजे योसेफ मामा गेले ते, दोस्त दारू पिऊन बरळला असं मानून गेले. माझ्या वाटची ती शरम अप्पांनी स्वतःच्या नावावर घेतली होती, आणि मला पत्ताही नव्हता.

"अप्पा, पन तुम्ही ते कधी..."

त्यांनी माझा हात हातात घेतला. तळवा कोरडा, खरखरीत, पूर्वीसारखाच मोठा. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, रस्त्याकडे बघत होते. त्यांचा अंगठा माझ्या तळहातावर दाबला गेला. मग पुन्हा एकदा.

मला ओरडून सांगायचं होतं की हे खोटं आहे. पंचवीस वर्षं मी याच एका गोष्टीसाठी कुढत होते, ती अशी कुणी उचलून न्यायची नव्हती. पण अंगठा दोनदा दाबला होता.

"हां अप्पा," मी म्हटलं. "तसंच व्हई."

अप्पांनी मान हलवली. माझा हात उचलून माझ्या मांडीवर आणला, क्षणभर तसाच धरला आणि मग आपला हात काढून पुढचा कागद घेतला.